काळी माती, उपग्रह आणि सीएनएन: शेजारच्या तालुक्यात मॉडेल का कोसळतं?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे, आणि उत्तर विचारणाऱ्यालाच देतोय. अकोला-अमरावतीकडच्या मूर्तिजापूर आणि दर्यापूर भागातले सुमारे सहाशे माती-नमुने हातात आहेत. त्यांचा सेंद्रिय कर्ब, सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता प्रयोगशाळेतून आलेली आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं जोडून त्यावर सीएनएन, म्हणजे चित्रं वाचायला शिकणारं न्यूरल नेटवर्क, शिकवलं. बाजूला काढलेल्या वीस टक्के नमुन्यांवर सेंद्रिय कर्बाचा आर-वर्ग (अंदाज मोजलेल्या आकड्यांशी किती जुळतो याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.८ च्या वर आला. तेच मॉडेल बार्शीटाकळीच्या नमुन्यांवर लावलं, तर अंदाज आणि प्रयोगशाळेचे आकडे यांचा काही मेळच बसेना. मग आणखी खोल नेटवर्क घ्यावं, की प्रचंड माहितीवर आधीच शिकवलेल्या फाउंडेशन मॉडेलकडे वळावं? रडार जोडून फायदा होईल का? आणि यावरून शेतकऱ्यांना खतांचा सल्ला देणारं ॲप काढता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात दुसऱ्याचा पैसा गुंतलेला आहे. नाही काढता येणार. उपलब्ध नत्र, स्फुरद, पालाश यांचा उघड्या मातीच्या परावर्तनात स्वतःचा ठसा नसतो. मॉडेलला जो संबंध सापडतो तो दुसऱ्या कशाच्या तरी आडून आलेला असतो. चिकणमाती जास्त तिथे पालाश जास्त, अशा तऱ्हेचा. असा संबंध एका खोऱ्यात टिकतो आणि पुढच्या खोऱ्यात मोडतो. त्यावर विसंबून कुणी डीएपीची एक गोणी कमी टाकली आणि पीक बसलं, तर भुर्दंड त्या माणसाला पडतो. आपल्याला पडत नाही. म्हणून मी याबाबत कडक आहे.

आता मूळ दुखण्याकडे वळू. नेटवर्क खोल करून ते जाणार नाही. तुमचं नेटवर्क बहुधा नीट शिकलंय, पण जे शिकलंय त्याला तुम्ही सेंद्रिय कर्ब असं नाव दिलंय, एवढाच घोटाळा आहे. हे पटवण्यासाठी प्रकाशात मुळात काय येतं तिथून सुरुवात करावी लागेल.

दृश्य आणि अवरक्त प्रकाशात काम करणारा उपग्रह मातीचा फक्त वरचा पापुद्रा पाहतो, मिलिमीटरभर म्हटलं तरी जास्तच. त्या पापुद्र्यात काही घटक स्वतःची खूण सोडतात. स्मेक्टाइट, केओलिनाइटसारखी चिकणमातीची खनिजं २२०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. चुनखडी २३४० च्या आसपास. लोहाची ऑक्साइडं ५०० च्या आजूबाजूला आणि पुन्हा ८५० ते ९०० मध्ये. पाण्याच्या मोठ्या खुणा १४०० आणि १९०० ला आहेत, पण तिथे हवेतली वाफच प्रकाश खाऊन टाकते, त्यामुळे वरून त्या दिसत नाहीत. साध्या मिठाला या पट्ट्यात स्वतःचं शोषण जवळपास नाहीच. सामूलाही नाही. सेंद्रिय कर्ब करतो काय, तर दृश्य प्रकाशात माती सरसकट गडद करतो. बोट ठेवावं अशी अरुंद खूण सेंटिनेल-२ ला दिसत नाही. शिवाय सेंद्रिय पदार्थ दोन टक्क्यांच्या खाली गेले की इतर घटक त्यांचा ठसा झाकू लागतात, हे प्रयोगशाळेतल्या जुन्या अभ्यासांपासून माहीत आहे. आपल्या कोरडवाहू जमिनी बहुतेक याच खालच्या पट्टीत येतात.

सेंटिनेल-२ ला तेरा बँड, म्हणजे तरंगलांबीचे पट्टे, आहेत, पण मातीच्या खनिजांसाठी कामाचे लांब तरंगलांबीचे बँड दोनच: १६१० आणि २१९०. त्यातला २१९० चा बँड सुमारे १८० नॅनोमीटर रुंद आहे. चिकणमातीची खूण तर त्यात येतेच, चुनखडीच्या खुणेची कडही येते. एकाच टोपलीत ज्वारी आणि तूर मिसळून वजन करावं तसं हे आहे. एकूण वजन कळेल, ज्वारी किती ते कळणार नाही. तुमच्या भागातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात तर चिकणमाती आणि चुनखडी दोन्ही भरपूर.

यातून सगळ्यात मोठा सापळा तयार होतो, तो काळ्या रंगाचा. या विषयावरचं बरंचसं लेखन युरोपातल्या नमुन्यांवर उभं आहे. तिथला लुकास नावाचा माती-सर्वेक्षणाचा संच २००९ पासूनचा, सुमारे २०,००० नमुन्यांचा, आणि तो खुला आहे म्हणून जगभर वापरला जातो. त्या प्रदेशात गडद माती म्हणजे जास्त कर्ब हा नियम बऱ्यापैकी चालतो. युक्रेनची चेर्नोझेम काळी आहे ती ह्यूमसमुळे. आपली रेगूर, म्हणजे कापसाची माती, तीही काळीच, पण तिचा काळेपणा वेगळ्या घराण्यातला: बेसॉल्ट झिजून आलेलं स्मेक्टाइट, त्याला घट्ट चिकटलेला थोडासा ह्यूमस, आणि टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटसारखी गडद खनिजं. कर्ब मोजला तर अनेकदा अर्धा-पाऊण टक्क्याच्या आत. चेर्नोझेममध्ये तो याच्या कित्येक पट असतो. वरून दोन्ही काळ्या दिसतात.

मे महिन्यात मूर्तिजापूरच्या बाजूला वखरलेल्या शेतात उभं राहून एक ढेकूळ उचला. वरची बाजू राखाडी, उन्हाने करपलेली. हातात फोडलं की आत पाटीसारखा काळा रंग, चमकदार घासलेल्या कडा, आणि मधून मधून हरभऱ्याएवढे चुनखडीचे पांढरे खडे. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फस्स करून फेस येतो. उपग्रहाला दिसते ती फक्त ती राखाडी पाठ. ढेकूळ किती उलटलंय, वखराची पाळी परवा झाली की पंधरा दिवसांपूर्वी, मधे वळवाची सर येऊन गेली का, यावर त्या पाठीचा रंग ठरतो. आतला कर्ब तोच राहतो.

बार्शीटाकळी-पातूरकडे चित्र पालटतं. तिकडे डोंगराळ भाग, माती उथळ, हातभर खाली मुरूम. रंग तपकिरी, लालसर, एकंदरीत उजळ. तुमच्या मॉडेलने मैदानात शिकलेला धडा असा असणार: गडद, सपाट, सखल म्हणजे अमुक इतका कर्ब. डोंगराच्या कडेला, झाडोऱ्याजवळच्या हलक्या जमिनीत कर्ब भारी काळ्या जमिनीपेक्षा जास्तही निघू शकतो. म्हणजे आकड्यांचा नुसता मेळ चुकत नाही, संबंधाची दिशाच उलटी होते. तुमच्याकडे दोन्हीकडचे आकडे आहेत, तर एक साधं काम आजच करा: लाल बँडचं परावर्तन आडव्या अक्षावर, कर्ब उभ्या अक्षावर, दोन तालुके दोन रंगांत. तो आलेख पाहिल्यावर पुढचं बरंच समजावण्याची गरज उरणार नाही.

आता चित्रांकडे. माझ्या अनुभवात या कामाचा निम्म्याहून जास्त कस इथे लागतो, आणि नवीन माणूस इथेच सगळ्यात कमी वेळ देतो. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक नमुन्याच्या तारखेला जवळचं ढगविरहित चित्र घेतलं. नमुना डिसेंबरात घेतला असेल तर त्या चित्रात उभी तूर आहे. मग मॉडेलने माती कुठे पाहिली?

वऱ्हाडाचं एक भाग्य आहे. सोयाबीन, कपाशी, तूर, हरभरा निघाल्यावर मार्च ते मेअखेर जमीन उघडी पडते, आकाश निरभ्र असतं, आणि खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं असल्याने उन्हाळी ओलीत फार थोडं. २०१७ पासून सेंटिनेल-२ ची जोडी दर पाच दिवसांनी येते. म्हणजे एका उन्हाळ्यात एकाच शेताची पंधरा-सोळा चित्रं, आणि पाच-सहा वर्षं धरली तर पुष्कळ साठा. प्रत्येक पिक्सेलसाठी त्यातली फक्त उघड्या, कोरड्या मातीची निरीक्षणं वेगळी काढायची आणि त्यांचं मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधली किंमत, घ्यायचं. उसाच्या आणि संत्र्याच्या पट्ट्यात ही चैन नाही. तिथे जमीन वर्षानुवर्षं उघडीच पडत नाही, आणि अशा ठिकाणी नकाशात रिकामी जागा सोडणं हेच खरं काम आहे.

उघडी माती ओळखायला एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक नुसता पुरत नाही. हिरवं काही नाही एवढंच तो सांगतो. शेतात पऱ्हाट्या उभ्या असतील, ज्वारीची धसकटं असतील, सोयाबीनचं कुटार पसरलेलं असेल, तरी एनडीव्हीआय कमीच येतो. वाळक्या काडीकचऱ्यातलं सेल्युलोज २१०० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, म्हणून १६१० आणि २१९० या दोन बँडांमधल्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागून येणारा एनबीआर२ हा निर्देशांक सोबत लावतात. तो कमी असेल तर माती उघडी आणि कोरडी असण्याची शक्यता जास्त. मात्र इथे एक खोच आहे. चिकणमातीसुद्धा २२०० ला शोषत असल्याने भारी काळ्या जमिनीचा एनबीआर२ मुळातच थोडा चढा असतो. युरोपातल्या शोधनिबंधातला उंबरठा जसाच्या तसा उचलला तर नेमक्या सगळ्यात भारी जमिनी गाळल्या जातात, आणि आपल्याला वाटतं की आपण काडीकचरा गाळला. दहा-वीस शेतांवर स्वतः जाऊन, तारीख आणि फोटो घेऊन, उंबरठा तिथे बसवा.

जाळलेली शेतं वेगळी काढा. धसकटं पेटवल्यावर राहिलेला काळा थर मॉडेलला श्रीमंत मातीसारखा दिसतो. पावसानंतरच्या आठवड्याभरातली चित्रंही टाकून द्या. ओल्या मातीचं परावर्तन कोरडीच्या निम्म्यावर येऊ शकतं, आणि मे महिन्यातली एक वळवाची सर अख्ख्या तालुक्याचा कर्ब कागदोपत्री वाढवून जाते.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जिने मी पाहिलेली दोन-तीन कामं नासली आहेत. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या चित्रांची प्रक्रिया बदलली आणि आकड्यांमध्ये १००० मिळवले जाऊ लागले. परावर्तन काढताना ते वजा करावे लागतात. काळ्या मातीचं लाल बँडमधलं परावर्तन दहा टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे मूळ आकडा हजारच्या आसपास. त्यात हजार तसेच राहिले तर तीच माती दुप्पट उजळ दिसते. २०२२ च्या आधीची आणि नंतरची चित्रं न सुधारता एकत्र केली तर मध्यकाला काही अर्थ राहत नाही. गूगलचं अर्थ इंजिन वापरत असाल तर तिथला सुसंगत केलेला, म्हणजे हार्मोनाइज्ड नावाचा संच घ्या.

नमुन्यांच्या आकड्यांवरही तितकाच संशय घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा ठरलेली पद्धत कोरडवाहूत दहा हेक्टरला एक आणि ओलिताखाली अडीच हेक्टरला एक नमुना अशी होती. हेतू सल्ल्याचा होता, आणि त्या हेतूला ती ठीक. पण दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. सेंटिनेलचा दहा मीटरचा पिक्सेल जवळजवळ बरोबर एका गुंठ्याचा, म्हणजे त्या चौकटीत हजार पिक्सेल आणि सात-आठ जणांची शेतं. एक आकडा त्यातल्या कोणत्या गुंठ्याचा आहे, हे तुमच्या तक्त्यात लिहिलेलं नाही.

अक्षांश-रेखांश दशांशानंतर दोनच आकडे देत असतील तर चूक किलोमीटरभराची. चार आकडे असतील तर दहा-अकरा मीटरची, ती चालेल. एका प्रकल्पात आमच्याकडे आलेले नमुने नकाशावर टाकले, तर त्यातले पुष्कळ बिंदू गावठाणात पडले. जीपीएसची नोंद शेतात न होता, संध्याकाळी पिशव्या लिहिताना झाली होती. तोवर आमचं मॉडेल तीन आठवडे पत्र्याच्या छपरांवरून कर्ब शिकत होतं आणि आम्ही लर्निंग रेट, म्हणजे शिकण्याच्या पावलाचा आकार, बदलत बसलो होतो. तेव्हापासून कुठलाही संच आला की मी पहिल्यांदा प्रत्येक बिंदू उपग्रह-चित्रावर डोळ्यांनी पाहतो. सहाशे बिंदूंना दोन दिवस लागतात. ते दोन दिवस द्याच.

कर्ब कसा मोजला तेही विचारा. आपल्या प्रयोगशाळा बहुधा वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत वापरतात. तीत सगळा कर्ब जळत नाही. सरासरी ७७ टक्के हाती लागतो असं धरून १.३ ने गुणतात, आणि काही ठिकाणी गुणतही नाहीत. लुकासचे आकडे कोरड्या ज्वलनाचे आहेत. कोरड्या ज्वलनात चुनखडीतला कर्बही मोजला जातो, तो वेगळा काढला नाही तर चुनखडीयुक्त जमीन कर्बाने समृद्ध दिसते. युरोपच्या संचावर आधी शिकवून मग वऱ्हाडाच्या आकड्यांवर जुळवून घेणार असाल, तर ही दोन मापं एकाच फुटपट्टीवर आणणं तुमच्या हातचं काम आहे. नेटवर्क ते करणार नाही.

तुमच्या ०.८ कडे येतो. नमुने यादृच्छिक पद्धतीने वाटले की एकाच गावातले शेजारी-शेजारी नमुने दोन्ही बाजूंना जातात. माती शेजारच्या शेतात फारशी बदलत नाही. त्यामुळे मॉडेलला माती ओळखण्याची गरजच पडत नाही, गाव ओळखलं की पुरतं. सीएनएनमध्ये हे आणखी बिघडतं, कारण ते बिंदूभोवतीची चौकट घेतं. तुमची चौकट वीस मीटरच्या पिक्सेलवर पंधरा बाय पंधरा, म्हणजे तीनशे मीटर. दीडशे मीटरवरच्या दोन नमुन्यांच्या चौकटी निम्म्या एकच असतात. एक शिकवणीत आणि दुसरी परीक्षेत. त्यात तुम्ही चित्रं फिरवून नमुने आठपट केले आणि मग वाटणी केली असं लिहिलंय. मग तर त्याच नमुन्याची फिरवलेली प्रत परीक्षेत बसली. आधी वाटणी, मग वाढवणी, हा क्रम कधीही उलटू देऊ नका.

२०२० मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये मध्य आफ्रिकेच्या जंगलांवरचा एक अभ्यास आला होता. जंगलातल्या जैवभाराच्या मॉडेलचा आर-वर्ग यादृच्छिक वाटणीत ०.५३ दिसत होता. अंतर राखून तपासलं तर तो जवळपास शून्यावर आला. विषय झाडांचा असला तरी आजार हाच आहे. यावर प्रतिवादही झाला आणि तो रास्त आहे: ज्या भागातून नमुने घेतले त्याच भागाचा नकाशा करायचा असेल आणि नमुने नीट संभाव्यता-पद्धतीने घेतले असतील, तर अंतर राखलेली तपासणी गरजेपेक्षा जास्त निराश करते. म्हणून आधी ठरवा, नकाशा कुठे वापरायचा आहे. मूर्तिजापूरच्या आतच वापरायचा असेल तर गाववार वाटणी करा. शेजारच्या तालुक्यात न्यायचा असेल तर अख्खा तालुका बाजूला ठेवून तपासा. जो आकडा येईल तो पत्करा आणि तोच लिहा.

आर-वर्गाबरोबर अंदाज सरासरी किती चुकतो तेही कर्बाच्या टक्क्यांत सांगा. आपल्याकडे सेंद्रिय कर्ब ०.५ च्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि वर जास्त धरण्याची रूढ पद्धत आहे. मधला वर्ग फक्त पाव टक्का रुंद. सरासरी चूक ०.२ टक्के असेल तर मधल्या वर्गातलं शेत मध्यम आहे हेही आपण खात्रीने सांगू शकत नाही, मग आर-वर्ग कितीही देखणा असो. शेतकरी वर्गावरून निर्णय घेतो. आपली तपासणीही तिथेच व्हायला हवी.

मॉडेल कोणतं? सहाशे नमुन्यांवर मी आधी सरासरीचा अंदाज लावून पाहतो, मग पार्शल लीस्ट स्क्वेअर्स ही साधी रेषीय पद्धत, मग रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णय-वृक्षांची सरासरी. उघड्या मातीचं मध्यक-चित्र, उंचीच्या नकाशावरून काढलेला उतार आणि पाणी साचण्याचा निर्देशांक एवढं दिलं की रँडम फॉरेस्ट पुष्कळदा सीएनएनच्या बरोबरीला येतं. सीएनएनला खरा फायदा मिळतो तो आजूबाजूच्या भूरूपातून. २०१९ मध्ये चिलीच्या माती-नमुन्यांवर झालेल्या कामात बिंदूभोवतीची चौकट देऊन, वेगवेगळ्या खोलींचा कर्ब एकदम शिकवून, नेहमीच्या पद्धतीपेक्षा चूक सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली होती. कारण समजण्यासारखं आहे: पाणी वरून कुठून येतं आणि कुठे थांबतं यावर माती घडते, आणि ते एका पिक्सेलमध्ये दिसत नाही. अँडीजच्या उतारांवर याला भरपूर वाव आहे. पूर्णेच्या सपाट खोऱ्यात कमी. बार्शीटाकळीत पुन्हा जास्त.

सीएनएन ठेवणारच असाल तर ते लहान ठेवा, दोन-तीन थरांचं. कर्ब एकटा शिकवू नका. चिकणमाती, चुनखडी, सामू, वाहकता एकदम शिकवा, म्हणजे नेटवर्कला काळेपणाची वाटणी या सगळ्यांत करावी लागते आणि सगळं श्रेय कर्बाला देता येत नाही. यासाठी निदान शे-दोनशे नमुन्यांची चिकणमाती आणि चुनखडी मोजून घ्यावी लागेल. खर्च आहे, पण तुमच्या कामाला याहून चांगला खर्च मला सुचत नाही. वाळू, गाळ, चिकणमाती शिकवताना तिघांची बेरीज शंभर राहावी म्हणून गुणोत्तरांचं लॉगरूप घ्या.

फाउंडेशन मॉडेलं कामाची आहेत, पण ती काय आणतात ते ओळखून घ्या. आयबीएम आणि नासाचं प्रिथ्वी २०२३ मध्ये आलं. गूगल डीपमाइंडचं अल्फाअर्थ २०२५ मध्ये आलं. ते दहा मीटरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी २०१७ पासून दरवर्षी ६४ आकडे देतं आणि ते आकडे थेट रँडम फॉरेस्टला देता येतात. या ६४ आकड्यांत वर्षभराचं पीक, ओलीत, हिरवेपणा सगळं मुरलेलं असतं. ओलिताच्या शेतात कर्ब वेगळा असतो म्हणून अंदाज सुधारतो, आणि ती सुधारणा खरी असते. पण कालवा आला किंवा पीक बदललं की अंदाज बदलतो. माती मात्र एका वर्षात तितकी बदललेली नसते. म्हणून नुसत्या उघड्या मातीवरचं मॉडेल आणि हे मॉडेल, दोन्ही वेगवेगळी चालवून फरक कुठे पडतो ते नकाशावर पाहा.

प्रत्येक अंदाजाबरोबर अनिश्चितता द्या. पाच-दहा नेटवर्कं वेगवेगळ्या सुरुवातीने शिकवून त्यांच्या उत्तरांतली तफावत मोजणं सोपं आहे. पण दहाही जण एकाच चुकीवर एकमत करू शकतात. २०२१ मध्ये हॅना मायर आणि एड्झर पेबेस्मा यांनी मॉडेलचं लागू-क्षेत्र मोजण्याची पद्धत मांडली: नवा पिक्सेल शिकवणीतल्या नमुन्यांपासून गुणधर्मांच्या अंगाने किती लांब आहे ते पाहायचं, आणि मर्यादेपलीकडे असेल तर अंदाज द्यायचाच नाही. तुमच्या मॉडेलला ही मोजणी लावली असती तर बार्शीटाकळीचा बराचसा भाग आधीच कोरा निघाला असता.

रडारबद्दल थोडक्यात. कर्बासाठी फार आशा धरू नका. रडार ओलाव्यासाठी आहे. कोरड्या मातीचा परावैद्युत स्थिरांक (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचं माप) तीन ते पाच, पाण्याचा ऐंशीच्या आसपास, म्हणून ओल वाढली की प्रतिध्वनी वाढतो, आणि ढगांचा अडथळा नाही. सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहाची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटर आहे, त्यामुळे ढेकळं, सरी, वखराच्या रेषा यांचा आवाज ओलाव्याच्या आवाजात मिसळतो. नांगरलेलं कोरडं शेत आणि सपाट ओलं शेत सारखं दिसू शकतं. म्हणून एकाच पिक्सेलचा काळानुसार बदल बघा, दोन शेतांची तुलना करू नका. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या इस्रो-नासाच्या उपग्रहाकडे २४ सेंटिमीटरचं एल-बँड रडार आहे. ते ढेकळांना कमी बिचकतं, पिकातून जास्त खाली पोचतं, आणि दर बारा दिवसांनी येतं. ओलाव्यावर पुढे काम करायचं मनात असेल तर तिकडे वळा.

क्षारांचं काय, तर तुमच्या भागात प्रश्न मुख्यतः सोडियमचा आहे, चोपण जमिनीचा. तिथे पांढरा थर वर दिसेलच असं नाही. विद्युत वाहकता कमी आणि तरी पाणी मुरत नाही, अशी शेतं पूर्णेच्या खोऱ्यात आहेत. वरच्या पापुद्र्यावरून ती ओळखण्यापेक्षा पाऊस उघडल्यावर कुठे किती दिवस पाणी साचून राहतं, हे रडारच्या चित्रमालेतून पाहणं मला जास्त भरवशाचं वाटतं. ॲपऐवजी काही उपयोगी करायचं असेल तर हे करा. कृषी सहायकाला असा नकाशा द्या की या वीस गुंठ्यांत पाणी थांबतंय, इथे नमुना घ्या, सोडियम तपासा. नमुना कुठे घ्यावा हे सांगणं उपग्रहाला आज खरोखर जमतं, आणि तेवढ्याने प्रयोगशाळेचा खर्च योग्य जागी पडतो.

येत्या उन्हाळ्यासाठी माझं सांगणं एवढंच. उघड्या मातीचं मध्यक-चित्र आधी तयार करा. बार्शीटाकळी आणि पातूरमध्ये त्या चित्रातले सगळे रंग आणि सगळे उतार येतील अशा पन्नास-साठ जागा निवडा. कंडिशन्ड लॅटिन हायपरक्यूब नावाची पद्धत यासाठीच आहे. प्रत्येक जागा धुऱ्यापासून, झाडापासून, खताच्या ढिगापासून निदान तीस मीटर आत असू द्या, म्हणजे पिक्सेलमध्ये दुसरं काही मिसळणार नाही. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्हीच्या आकाराचा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, त्याच्या भिंतीवरून माती खरवडा. अशा पाच खड्ड्यांची माती एकत्र करून चौथाई पद्धतीने, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत, अर्धा किलो ठेवा. त्याच वेळी वरच्या सेंटिमीटरभर मातीची एक लहान पिशवी वेगळी भरा, कारण उपग्रह पाहतो ती तीच. जागेवर उभे असतानाच जीपीएस नोंदवा, आणि वहीत तीन गोष्टी लिहा: शेत वखरलंय का, काडीकचरा किती, शेवटचा पाऊस कधी. दोन्ही पिशव्यांचा कर्ब आला की मला पाठवा. त्या दोन आकड्यांतला फरक किती आणि कुठल्या जमिनीत, यावर पुढचं मॉडेल ठरवू.